पोटखराब

सातबाऱ्यावर तिला नाव नाही.
गट नंबर एकशे बारा, क्षेत्र अकरा हेक्टर,
त्यातलं नऊ पोटखराब.
म्हणजे पीक नाही, आकार नाही,
कुणाचं काही अडत नाही अशी जमीन.
गावात तिला सोनकाठचं चिभड म्हणतात.

मी पाहणीला गेले एकोणीस मेला,
डोक्यावर ओढणी, हातात जीपीएस.
सोबत तलाठी, आणि कंत्राटदाराचा एक पोरगा
जो सारखी गार पाण्याची बाटली पुढे करत होता.
तळ भेगाळलेला. भेगांत शिंपले.
लव्हाळा वाळून दोरखंडासारखा.
एक टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत फिरली,
तेवढीच एक हरकत त्या दिवशी आली.
तिची नोंद नाही.

अहवाल, मुद्दा सात :
जागेवर अथवा लगत पाणथळ, जलसाठा.
मी लिहिलं, निरंक.
खोटं नव्हतं ते.
एकोणीस मेला तिथं पाणी नव्हतं.

सुनावणी लागली सप्टेंबरात,
समाजमंदिरात, एका कुरकुरत्या पंख्याखाली.
डेपोवर प्लास्टिक वेचणाऱ्या सुभद्रा लोखंडे आधी बोलल्या.
म्हणाल्या, डोंगर आता आणखी वर नेऊ नका,
बाजूला पसरा. गेल्या वर्षी घसरला
तेव्हा माझी नणंद कमरेपर्यंत आत होती,
आम्ही तिला हातांनी उकरून काढलं.
मी लिहून घेतलं : विस्तारास पाठिंबा.

मग गोटीराम बर्डे उठले.
निवेदन नव्हतं त्यांच्याकडे, पिशवी होती.
पिशवीतून त्यांनी मरळ काढली
आणि ठेवली सरळ माझ्या नकाशावर.
हातभर, काळी, जिवंत.
शेपटीच्या दोन फटक्यांत
गट एकशे बाराची हद्द पुसली गेली.

मॅडम, ते म्हणाले, हिला विचारा
मे महिन्यात ती कुठं होती.

सगळे हसले. मीही हसले.
ते नाही हसले.
चिखलात होती, म्हणाले. दीड हात खाली.
तुम्ही उभ्या होता ना,
तिथंच.

त्या रात्री मला माझे बूट आठवत राहिले.

परवानगी झाली. व्हायचीच होती.
शहर रोज जेवतं, रोज सोलतं, रोज टाकतं :
पंचवटीतल्या निर्माल्याची पोती,
द्राक्षांच्या पेट्यांतला कागद,
अंबडच्या शेडमधली काळी चिंधी,
कॉलेज रोडची अर्धी खाल्लेली बर्गरं,
आणि माझी शेपूची देठं, मुलाचं मोडलेलं कंपासपेटीचं झाकण.
हे सगळं कुठंतरी निजवावं लागतं.
पोटखराब जागा म्हणूनच तर शोधतात.

अटी व शर्ती एकवीस.
चौदावी माझ्या हातची :
लगतच्या क्षेत्रात दूषित निचरा जाणार नाही
याची दक्षता घ्यावी.
घ्यावी.
कुणी, ते न सांगताही मराठीत वाक्य पुरं होतं.
मुद्दा सात दुरुस्त करता येईल का, मी वर विचारलं होतं.
साहेब म्हणाले, पाहणी पुन्हा कोण लावणार?
आणि लावलीच, तर आता उन्हाळ्यातच लागेल.

फाइल पुढे गेली.
नकाशाच्या कोपऱ्यात एक खवला चिकटलेला,
नखाएवढा, वाळून काचेसारखा झालेला.
तो मी काढला नाही.
कुणी विचारलंच तर सांगेन,
जोडपत्राचा भाग आहे.

सकाळी सव्वासातला कोपऱ्यावर घंटागाडी.
मी दोन डबे घेऊन खाली उतरते.
ओला, सुका, गाडीवरचा मुलगा विचारतो,
मॅडम, ह्यात काय?
आणि रोजचंच उत्तर
मला पटकन देता येत नाही.